बातमीत गाव आलं, मंत्री राहून गेला

मराठी वृत्तपत्रं, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळं चालवणाऱ्या संपादकांना,

स.न.वि.वि.

लिओ वराडकर यांची बातमी तुम्ही प्रामुख्याने तीनदा दिलीत. जून २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा, डिसेंबर २०१९ मध्ये मालवण तालुक्यातल्या वराडला आले तेव्हा, आणि मार्च २०२४ मध्ये पद सोडत असल्याचं त्यांनी जाहीर केलं तेव्हा. तिन्ही वेळा मजकुराचा साचा तोच. मराठमोळे, कोकणचे सुपुत्र, गावात आनंदाचं वातावरण, नातेवाइकांच्या प्रतिक्रिया. मी त्याच तालुक्यातला. वाचून मलाही बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. पण या माणसाने तेरा वर्षं मंत्रिमंडळात बसून काय केलं, ते मराठीत मला फारसं कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून हे पत्र.

जानेवारी २०१५ मध्ये, ते आरोग्यमंत्री असताना, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी त्यांनी आयरिश रेडिओवर मुलाखत दिली आणि आपण समलिंगी आहोत हे जाहीरपणे सांगितलं. त्याच मुलाखतीत ते असंही म्हणाले होते की आपण अर्धे भारतीय राजकारणी नाही, डॉक्टर राजकारणी नाही आणि समलिंगी राजकारणीही नाही. या सगळ्या गोष्टी आपल्यात आहेत, पण त्यातली एकही म्हणजे आपण नव्हे. बोलून चालून राजकारणी माणूस, त्यामुळे यातला सोयीचा भाग सोडून देऊ. तरी दोनच वर्षांनी आपण त्यांची ओळख नेमकी त्यांनी नाकारलेल्या अर्ध्या भागावरून करून दिली. तीही त्यातल्या निम्म्याच मजकुरासह, कारण दुसरा भाग छापताना आपल्या बहुतेकांची लेखणी अडखळली.

आधी घराणं घेऊ, कारण तेही आपण नीट सांगितलेलं नाही. डॉ. अशोक वराडकर यांचा जन्म मुंबईतला. साठच्या दशकात ते डॉक्टरकीसाठी इंग्लंडला गेले. म्हणजे चाकरमान्यांचंच घर, फक्त बोट जरा लांबची पकडली. तिथे स्लाव नावाच्या गावी त्यांची मिरियम यांच्याशी गाठ पडली. त्या नर्स, आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातल्या डनगार्व्हनच्या. ब्रिटिशांची सरकारी आरोग्यसेवा त्या काळात भारतीय उपखंडातल्या डॉक्टरांवर आणि आयरिश नर्सवर मोठ्या प्रमाणात चालत होती. तेव्हा ही दोन्ही माणसं पोटासाठी परमुलखात आलेली. लग्नानंतर काही काळ लेस्टर, मग थोडे दिवस भारत, आणि १९७३ मध्ये डब्लिन. पुढे डब्लिनच्या पश्चिमेला ब्लँचर्ड्सटाऊनमध्ये अशोकरावांनी दवाखाना टाकला. लिओ १९७९ चे, दोन बहिणींच्या पाठचे.

म्हणजे स्थलांतरिताचा मुलगा, पण डॉक्टरचाही मुलगा. फी भरून शिकायची शाळा, ट्रिनिटी कॉलेजात आधी कायदा आणि मग तो सोडून वैद्यक, घरापुढे ओळखीचा दवाखाना. आयर्लंडमधल्या बातम्यांत ही वर्गाची बाजू नेहमी असायची. आपल्याकडे ‘परदेशात नाव काढलं’ म्हटलं की ती गळून पडते. त्याच ब्लँचर्ड्सटाऊनमध्ये पुढे नायजेरियातून, पोलंडमधून आलेली हजारो कुटुंबं राहायला आली. त्यांच्या मुलांची वाट आणि लिओंची वाट एकच होती असं मानणं हा भाबडेपणा आहे.

आता एक योगायोग सांगतो. लिओंनी पहिली निवडणूक लढवली ती विशीत असताना, वैद्यकाचं शिक्षण चालू असताना. ती होती डब्लिनजवळची स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक, तारीख ११ जून १९९९. ते पडले, चांगलेच पडले. त्याच्या आदल्या दिवशी, १० जून १९९९ ला, इकडे राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाची स्थापना झाली होती. परदेशात जन्मलेली व्यक्ती देशाची पंतप्रधान होऊ नये, हे म्हणत शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर काँग्रेसमधून बाहेर पडले होते; खरं तर काढले गेले होते. महाराष्ट्राच्या गेल्या पाव शतकाच्या राजकारणाची मांडणी ज्या पक्षाने बदलली, त्याचा जन्म या एका प्रश्नातून झाला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो पक्ष त्याच काँग्रेसबरोबर मुंबईत सत्तेत बसला, हेही आपण पाहिलं.

लिओंचा जन्म आयर्लंडमधलाच आणि सोनियाजींचा इटलीतला, त्यामुळे तुलना तंतोतंत लागू पडत नाही, हे मला कळतं. मला दाखवायचंय ते वेगळंच. परक्या रक्ताचा माणूस आपल्याकडे वर चढू लागला की आपल्याला राज्यघटना आठवते, आणि आपल्या रक्ताचा माणूस परक्या देशात वर चढला की पेढे. दोन्ही बातम्या लिहिणारे हात तेच असतात. २०१७ च्या जूनमध्ये एखाद्या तरी संपादकाने या दोन तारखा शेजारी ठेवून अग्रलेख लिहायला हवा होता.

दुसरी तारीख ११ जून २००४. या वेळी लिओ जिंकले, आणि असे जिंकले की पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं मिळवून त्या वर्षीच्या स्थानिक निवडणुकीत सगळ्या देशात पहिले आले. त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर, आयरिश मतदारांच्या हातात आणखी एक कागद होता. आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप नागरिकत्व मिळण्याचा हक्क काढून घ्यावा का, यावर सार्वमत. सुमारे ७९ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. लिओंच्या फिना गेल पक्षाचाही त्याला पाठिंबा होता. म्हणजे एकाच सकाळी तोच मतदार वराडकर आडनावासमोर पहिल्या पसंतीचा आकडा टाकत होता आणि परदेशी आईबापांच्या मुलांसाठी दार ओढून घेत होता. लिओंची आई आयरिश, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वाला कधीच धोका नव्हता. आयरिश समाज उदार की अनुदार, या प्रश्नाला त्या दिवसाने दिलेलं उत्तर मला तरी एका वाक्यात बसवता येत नाही. (आपल्याकडे त्याच्या महिनाभर आधी, मे २००४ मध्ये, सोनिया गांधी पंतप्रधान झाल्या तर मुंडन करीन असं सुषमा स्वराज सांगत होत्या.)

त्याच स्थानिक निवडणुकांचा एक नियम मात्र आपल्या वाचकांना माहीत असायलाच हवा. आयर्लंडमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थेसाठी मत द्यायला आणि उभं राहायला नागरिक असावं लागत नाही. तिथे राहत असलात की पुरे. २००७ मध्ये पोर्टलिश या गावाचे महापौर झाले ते रोटिमी अडेबारी, सात वर्षांपूर्वी नायजेरियातून आश्रय मागत आलेले गृहस्थ. जून २०२४ मध्ये साउथ डब्लिन परिषदेचे महापौर झालेले बेबी पेरेप्पाडन मूळचे केरळचे. बाहेरून आलेल्या माणसाला राजकारणात पहिली पायरी कुठून मिळते, याचं उत्तर त्या नियमात आहे. आपल्या तिन्ही बातम्यांत तो नव्हता.

आणि २००८ चं काय? आर्थिक मंदी आली, आयर्लंडमधल्या नोकऱ्या जाऊ लागल्या, तेव्हा विरोधी पक्षाचे तरुण खासदार लिओ वराडकर यांनी संसदीय समितीत विचारलं की बेकार झालेल्या परदेशी कामगारांना पैसे देऊन मायदेशी पाठवायचा स्पेनसारखा विचार सरकार करेल का. त्यावर तिथे भरपूर टीका झाली. स्थलांतरिताच्या पोटी जन्मला म्हणून माणूस स्थलांतरितांचा कैवारी होतोच असं नाही. ते स्वतः उजवीकडे झुकलेले, बाजारपेठेवर विश्वास ठेवणारे राजकारणी होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. त्याच वर्षी मुंबईत रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली होती. एकीकडे हातात पैसे ठेवून ‘जा’, दुसरीकडे हातात काठी घेऊन ‘जा’. फरक मोठा आहे, मान्य. पण ‘कोकणच्या सुपुत्रा’ने ‘परप्रांतीयां’बद्दल काय म्हटलं होतं, हे मुंबईच्या वाचकाला सांगितलं असतं तर पुढची चर्चा रंगतदार झाली असती.

मार्च २०११ मध्ये ते पहिल्यांदा मंत्री झाले, तेही गंमतच म्हणायची. वर्षभरापूर्वी ते पक्षनेते एंडा केनी यांना हटवण्याच्या बंडात सामील होते. बंड फसलं, केनी पंतप्रधान झाले आणि त्यांनी या बंडखोराला वाहतूक, पर्यटन आणि क्रीडा खातं दिलं. या खात्यातली त्यांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट २०१४ ची आहे. पोलिसांनी वशिल्याच्या लोकांचे वाहतूक नियमभंगाचे दंड परस्पर रद्द केल्याचं दोन जणांनी उघड केलं होतं. पोलीस आयुक्तांनी संसदीय समितीसमोर त्या दोघांच्या या कृतीला ‘किळसवाणी’ म्हटलं. मार्चमध्ये वराडकर एका रस्ता सुरक्षा परिषदेत उभे राहिले आणि म्हणाले की त्या दोघांसाठी ‘सन्माननीय’ हा शब्द जास्त योग्य होईल. आपल्याच सरकारच्या पोलीस आयुक्ताविरुद्ध, न्यायमंत्री आयुक्तांच्या बाजूला असताना, एका वाहतूकमंत्र्याने जाहीर सभेत हे बोलणं म्हणजे घरातली भांडी अंगणात आणणंच होतं. पाच दिवसांनी आयुक्त पायउतार झाले. असा मंत्री आपल्या राज्यात शेवटचा कधी पाहिला, ते आठवून बघा. मला आठवायला वेळ लागतोय.

२०१४ ते २०१६ आरोग्य खातं. डॉक्टर आरोग्यमंत्री झाला म्हणून रुग्णालयाच्या व्हरांड्यात ट्रॉलीवर झोपलेले रुग्ण कमी झाले नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलांना फॅमिली डॉक्टरची सेवा मोफत झाली ती त्यांच्याच काळात, जुलै २०१५ पासून. त्यानंतर समाजकल्याण खातं. तिथे वडिलांना दोन आठवड्यांची भरपगारी नव्हे पण सरकारी भत्त्याची रजा सुरू झाली, हे चांगलं. आणि २०१७ मध्ये ‘भत्ते लाटणारे आपल्या सगळ्यांनाच फसवतात’ अशी जाहिरात मोहीम त्यांनी चालवली, जी मला आजही त्यांच्या कारकिर्दीतली क्षुद्र गोष्ट वाटते. पक्षनेतेपदाची निवडणूक तोंडावर होती आणि सकाळी लवकर उठून कामाला जाणाऱ्यांचा नेता अशी स्वतःची प्रतिमा त्यांना करायची होती.

मग ते पंतप्रधान झाले. कसे झाले, हेही आपण सांगितलं नाही. ‘आयर्लंडच्या जनतेने मराठी माणसाला निवडलं’ हे अर्धवट आहे. २ जून २०१७ ला फिना गेलने नेता निवडला. साध्या सदस्यांपैकी सुमारे ६५ टक्के मतं त्यांचे प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना मिळाली होती. पण त्या पक्षाच्या पद्धतीत संसदीय पक्षाच्या मतांचं वजन ६५ टक्के, आणि ७३ पैकी ५१ जण वराडकरांच्या मागे उभे होते. हिशेब पक्का करून, एकेका आमदार-खासदाराला महिनोन्‌महिने भेटून मिळवलेलं हे पद. अडतिसाव्या वर्षी. विजयानंतर ते म्हणाले की पाच हजार मैल ओलांडून आयर्लंडमध्ये घर करायला आलेल्या आपल्या वडिलांच्या स्वप्नातही नसेल की मुलगा एक दिवस या देशाचा नेता होईल. आणि असंही की या प्रजासत्ताकात पूर्वग्रहाला थारा नाही, हे आपल्या निवडीने दाखवून दिलं.

आता ज्या गोष्टीसाठी तरी मराठी पत्रकारांनी त्यांच्या कारकिर्दीकडे रोखून पाहायला हवं होतं, तिथे येतो. बेळगावची सविता हलप्पनवार. दंतवैद्य, वय एकतीस. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेत, सतरा आठवड्यांची गरोदर असताना गर्भ आपोआप पडणं अटळ झालं होतं. तिने गर्भपात करून मागितला. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून तो मिळाला नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. आयर्लंडच्या राज्यघटनेतल्या आठव्या दुरुस्तीने १९८३ पासून आई आणि गर्भ यांच्या जिवाचा हक्क समान ठरवला होता. ही बातमी आपण दिली होती, आणि चांगली दिली होती.

त्या वेळी वराडकर मंत्रिमंडळातच होते. गर्भपाताबद्दलचं त्यांचं मत तेव्हा बरंच सनातनी होतं. डिसेंबर २०१४ मध्ये आरोग्यमंत्री म्हणून संसदेत बोलताना त्यांनी आपण गर्भपाताच्या विरोधातले असल्याचं सांगितलं, पण ही दुरुस्ती डॉक्टरांचे हात नको तितके बांधते हेही कबूल केलं. साडेतीन वर्षांनी, २५ मे २०१८ ला, त्यांच्याच सरकारने घेतलेल्या सार्वमतात ६६.४ टक्के मतांनी ती दुरुस्ती रद्द झाली. सविताच्या आईवडिलांनी इकडून, भारतातून, आयरिश मतदारांना आवाहन केलं होतं. श्रेय वराडकरांना एकट्याला देणं चूक ठरेल. पस्तीस वर्षं रस्त्यावर भांडलेल्या आयरिश बायकांचं ते श्रेय. त्यांचं काम इतकंच की त्यांनी मत बदललं, ते बदललंय हे उघड सांगितलं, आणि प्रश्न लोकांसमोर नेण्याची राजकीय जोखीम घेतली. एकीकडे बेळगावची मुलगी, दुसरीकडे वराडच्या आडनावाचा पंतप्रधान. या दोघांमधला सहा वर्षांचा प्रवास उलगडून लिहावा असं एकाही पुरवणीला वाटलं नसेल, तर त्या पुरवण्या कशासाठी काढतो आपण?

२९ डिसेंबर २०१९ ला ते आजोबांच्या घरी वराडला आले. आईवडील, बहिणी, त्यांची मुलं. तीन पिढ्या एकत्र आल्याचं त्यांनीच सांगितलं. गावाने ओवाळलं, कौतुक केलं, ते योग्यच केलं. गावाचं कामच ते. त्यांच्यासोबत त्यांचे जोडीदार मॅथ्यू बॅरेटही होते. गावाने त्यांचंही स्वागत केलं. ते अंगणात उभे असताना समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७ चा भाग सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. डॉक्टरकी शिकत असताना हेच लिओ मुंबईच्या केईएममध्ये इंटर्नशिप करून गेले होते, आणि तेव्हा परळमधल्या त्या विद्यार्थ्याला आपला कायदा गुन्हेगार म्हणत होता. गावकऱ्यांनी जी गोष्ट सहज पेलली, ती अनेक बातम्यांनी ‘मित्र’ आणि ‘सहकारी’ असले शब्द वापरून टाळली.

ब्रेक्झिटवर मी फार लिहीत नाही. उत्तर आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा चौक्या बसू नयेत यासाठी ते अडून राहिले, ऑक्टोबर २०१९ मध्ये लिव्हरपूलजवळ बोरिस जॉन्सन यांच्याशी झालेल्या त्यांच्या भेटीनंतरच कराराची गाडी रुळावर आली, आणि ब्रिटिश टॅब्लॉइडांनी त्यासाठी त्यांना शिव्या घातल्या. इतकं पुरे. कोविडमध्ये त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी केली आणि आठवड्यातून एकदा फोनवर रुग्ण तपासले, ही बातमी मात्र तुम्ही दिलीत. ती गोड होती ना.

कडू बातमी घरांची. ते पंतप्रधान झाले तेव्हा आयर्लंडमध्ये सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात राहणारे बेघर आठ हजारांच्या आसपास होते. ते गेले तेव्हा तेरा हजारांवर. तरुण पिढीला भाडं परवडेना, ती ऑस्ट्रेलियाला जाऊ लागली. फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष ३५ जागांसह तिसऱ्या क्रमांकावर घसरला; मग जुन्या वैऱ्यांशी, फियाना फॉइल पक्षाशी, आळीपाळीने पंतप्रधानपदाचा करार. डॉक्टरांच्या कराराचा गोपनीय मसुदा एका मित्राला दिल्याचं प्रकरण त्यांच्यावर आलं, पोलीस चौकशी झाली, २०२२ मध्ये खटला भरणार नाही असं ठरलं. मार्च २०२४ मध्ये कुटुंब आणि घरातली शुश्रूषा या विषयांवरची दोन सार्वमतं ते दणकून हरले आणि बारा दिवसांनी, आपण आता या कामासाठी सर्वांत योग्य माणूस राहिलो नाही असं सांगून, बाजूला झाले.

घरं नाहीत याचा राग शेवटी कोणावर निघाला, ते आपण पाहतोच आहोत. २३ नोव्हेंबर २०२३ ला डब्लिनमध्ये स्थलांतरितांविरुद्धच्या दंगलीत बस आणि ट्राम पेटवल्या गेल्या, तेव्हा पंतप्रधान वराडकरच होते. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला मारहाण करून रस्त्यात विवस्त्र केलं गेलं. ऑगस्टमध्ये आपल्या दूतावासाला भारतीयांसाठी सावधगिरीची सूचना काढावी लागली, वॉटरफर्डमध्ये सहा वर्षांच्या मुलीवर हल्ला झाला, आणि डब्लिनचा ‘इंडिया डे’ पुढे ढकलला गेला. वॉटरफर्ड म्हणजे लिओंच्या आईचाच परगणा. या हल्ल्यांच्या बातम्या देताना पुन्हा ‘ज्या देशाने मराठी माणसाला पंतप्रधान केलं तिथेच’ असं आश्चर्य व्यक्त झालं. आश्चर्य कसलं? त्यांच्या सात वर्षांतल्या घरबांधणीच्या अपयशाबद्दल वाचकाला आधी सांगितलं असतं, २००४ चं सार्वमत सांगितलं असतं, तर २०२५ आकाशातून पडल्यासारखं वाटलं नसतं.

गोव्यातल्या संपादकांनाही यातून सूट नाही. मडगावच्या घराण्यातले अंतोनियो कॉस्टा पोर्तुगालचे न्यायमंत्री, गृहमंत्री, लिस्बनचे महापौर आणि आठ वर्षं पंतप्रधान होते. डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. आपल्याकडच्या बातम्यांत ते अजून घरच्या लाडक्या नावाने ‘आमचे बाबुश’च आहेत.

आयर्लंडमध्ये पुढच्या स्थानिक निवडणुका २०२९ मध्ये आहेत. तिथल्या रुग्णालयांत, औषध आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणारे कितीतरी मराठी लोक, नागरिक असोत वा नसोत, त्यात मतदार असतील, आणि काही उमेदवारही असतील. त्यांचे फोन नंबर तुम्हाला महाराष्ट्र मंडळाकडून सहज मिळतील. फोन कराल तेव्हा कृपया त्यांचं मूळ गाव शेवटी विचारा. आधी विचारा की त्यांच्या वॉर्डात भाडं किती आहे, निर्वासितांच्या वसतिगृहाबद्दल त्यांची भूमिका काय, आणि बसथांब्यावर कोणी अंगावर आलं तर तक्रार घ्यायला पोलीस येतात का.

आपला,
मालवण तालुक्यातला एक वाचक